कपातला चमचा

आमच्या उत्तरेकडच्या ओस्टरझीलच्या किनाऱ्यावर वेताच्या छपरी खुर्च्या भाड्याने देणारा हार्म उफहोफ दिवसभरात एकच शब्द बोलतो, असं त्याची बहीण टाल्के सांगते. तो शब्द म्हणजे ‘मोइन’. सकाळी भेटा, मोइन. दिवेलागणीला भेटा, तरी मोइन. ‘मोइन मोइन’ असं दोनदा म्हणणारा माणूस हार्मच्या मते वाचाळ, त्याला खुर्ची द्यायची ती शक्यतो लांबची.

उन्हाळ्यात आतल्या मुलखातले पाहुणे येतात. वारा सुटला की ते आमच्यावर रागावतात, आणि ओहोटी लागली की समुद्र कुठे गेला म्हणून हार्मला जाब विचारतात. रोज रोज उत्तर देणं जिवावर येऊन त्याने शेवटी पाटीच लावली: ‘समुद्र परत येतो.’

या पाहुण्यांतल्या एकट्या नेगेलेबाईंचं बोलणं हार्मला चालायचं. त्या दक्षिणेकडच्या, श्वाबेनच्या. नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात एकट्या यायच्या आणि बांधाजवळची शेवटची खुर्ची घ्यायच्या. गुडघेदुखीपासून सुनेच्या स्वयंपाकापर्यंत त्यांची गाडी सुटली की हार्म खुर्चीच्या कुलपाची किल्ली हातात धरून उभा. बाई यायच्या आधी त्या एकाच खुर्चीच्या बिजागऱ्यांना तेल पडायचं. साऱ्या गावाला काय ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते त्या दोघांनाच.

यंदा मात्र बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मुलगी मला इटलीला नेणार म्हणते. तिथला समुद्र म्हणे जागचा हलत नाही.”

हार्मने ऐकलं ते एवढंच: बाई आता कायमच्या जाणार! संध्याकाळपर्यंत शब्दांची जुळवाजुळव करून तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “चहा. रविवारी. माझ्याकडे.”

रविवारी हार्मने आईची पातळ कपबशी काढली. चहा पिऊन झाला की विचारायचं, ‘इथेच राहाल का?’ चार दिवस गुरांच्या गोठ्यात त्याने या वाक्याची तालीम केली होती. त्याने कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला, खडा तडतडला, कडेने साय सोडली. आता हे ढवळायचं नसतं. आधी साय, मग कडू, आणि तळाशी गोड, असं आपोआप येतं. नेगेलेबाईंनी चमचा घातला आणि सिमेंट कालवावं तसा चहा ढवळला. हार्मने डोळे मिटून तेही सोसलं. पण कप संपला आणि बाईंनी चमचा कपात उभा ठेवला.

आमच्याकडे तीन कप तरी घ्यायचेच. पुरे झालं हे तोंडाने सांगत नाहीत, चमचा कपात ठेवतात. पहिल्याच कपाला चमचा कपात म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. हार्मने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं. त्याने किटली उचलून आत नेली आणि बाहेर आलाच नाही. बाई वाट पाहून पाहून शेवटी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी टाल्के आपली मासळीपावाची टपरी उघडी टाकून तरातरा आली. “बाई खुर्चीची किल्ली माझ्याकडे देऊन स्टँडवर गेली. डोळे लाल होते तिचे. काय केलंस रे?”

“चमचा.”

“कसला चमचा?”

“कपात ठेवला तिने. पहिल्याच कपाला.”

टाल्केने कपाळावर हात मारला. “अरे बैला, ती श्वाबेनची! तिला काय ठाऊक आपला चमचा? आणि तू लगेच किटली उचललीस? एका कपावर घालवलंस तिला! ऊठ, बस यायची वेळ झाली.”

हार्मने ट्रॅक्टर काढला. मागच्या ट्रॉलीत दुरुस्तीला न्यायची खुर्ची होती, ती उतरवायलाही तो थांबला नाही. स्टँडवर बस उभी, बाईंचा एक पाय पायरीवर.

“चमचा!” हार्म ओरडला.

बाई गर्रकन वळल्या. “मी नाही नेला तुमचा चमचा! कपातच ठेवलाय, बघा जाऊन!”

“तेच तर!” हार्मला धाप लागली होती. “कपात म्हणजे पुरे. बशीत म्हणजे अजून हवा.”

एवढं लांब भाषण त्याने जन्मात केलं नव्हतं. बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. “म्हणून किटली उचललीत? अहो, काटकसर आम्हालाही कळते, पण एका कपावर बोळवण! रात्रभर रडले मी.”

“थांबा,” हार्म म्हणाला.

“थांबलोच आहे की मघापासून!” ड्रायव्हर खेकसला.

“तुम्ही नाही. या बाई.”

ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं, स्वतः खाली उतरून बाईंची बॅग काढून दिली आणि बस घेऊन गेला. नेगेलेबाई ट्रॉलीवरच्या छपरी खुर्चीत बसल्या. भर बाजारातून वरात निघाली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते, आणि टाल्के पावात मासा घालायचा विसरून नुसता पाव गिऱ्हाइकाच्या हातात देत होती.

घरी पुन्हा आईची कपबशी निघाली. खडीसाखर तडतडली. बाईंनी चमचा उचलला, हार्मने डोळे मिटून घेतलेले पाहिले, आणि न ढवळताच तो बशीत ठेवला. तीन कप झाले, चौथा झाला. गोठ्यात पाठ केलेलं वाक्य हार्मच्या जिभेवर येऊन परत फिरत होतं. किटली रिकामी झाली, त्याने दुसरी भरून आणली. बाईंचा चेहरा आता अवघडला होता, घोट उतरत नव्हता. पण चमचा बशीतच.

हार्मला राहवलं नाही. “फ्राऊ नेगेले, पुरे झालं असेल तर...”

“गप्प बसा,” बाई म्हणाल्या, “आणि ओता.”

हार्मला गप्प बसा म्हणायची वेळ ओस्टरझीलमध्ये आजवर कुणावर आली नव्हती. त्याने ओतला.