हिरव्या दिव्याचे तीन सेकंद

शूटिंग रेंजवर बोलायला बंदी असते, म्हणूनच तिथे किस्से साठतात. तासभर तोंड शिवून उभं राहायचं आणि मग चहाच्या टपरीवर सगळ्यांनी एकदम सुटायचं! चंद्रपूरच्या आमच्या क्लबातलं निम्मं शिक्षण मला त्या टपरीवर मिळालं. उरलेलं निम्मं मिळालं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदाची ट्रायल. बाळ झाल्यानंतरची माझी पहिलीच. टीममध्ये आले नाही तर पिस्तूल कायमचं खाली ठेवीन, असं मीच घरात बोलून बसले होते. कोणी विचारलंही नव्हतं!

आधी खेळ सांगते. डावा हात खिशात. लाल दिवा असेपर्यंत उजवा खाली, तिरपा. सात सेकंदांनी हिरवा लागतो आणि तीनच सेकंद राहतो. तेवढ्यात हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी झाडायची. असं पाचदा. तीन सेकंदांत माझ्याच्याने पर्समधली किल्लीसुद्धा सापडत नाही.

*

आमचे कोच म्हणजे भाऊ. आयुष्यभर सरकारी बंदुका दुरुस्त करून रिटायर झालेले. दिव्यांचं महागडं मशीन क्लबाला झेपणारं नव्हतं, म्हणून भाऊंनी एका फळीवर दोन बल्ब बसवले. पिस्तूल रिकामं. भाऊ बटन दाबणार, आम्ही हात उचलून ट्रिगर दाबणार, परत हात खाली. एकही गोळी न झाडता अख्खी सकाळ जायची.

लाइट गेली की भाऊ स्वतःच दिवा व्हायचे. "लाल!" म्हणून ओरडायचे, मनात मोजायचे, मग "हिरवा!"

एकदा "लाल!" म्हटलं आणि त्यांना जो ठसका लागला, तो थांबेचना. पाणी पिऊन आले, डोळे पुसले, बघतात तर आम्ही पाचही जण हात खाली धरून पुतळ्यासारखे उभे.

"काऊन वो, थांबले काऊन सारे?"

रंजू मान न वळवता म्हणाली, "भाऊ, तुमचा लालच चालू हाय नं अजून!"

*

ही रंजू जिवतीची. माझी जोडीदारीण आणि क्लबातली सगळ्यात फास्ट. इतकी फास्ट, की दिव्याच्या आधीच तिचा हात वर!

भाऊ वैतागले. "काऊन वो रंजू, वीज कंपनीत मामा हाय काय तुहा? दिवा लागाच्या आधीच तुले समजते!"

"नाई भाऊ. बल्बच आळशी हाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी बल्ब बदलला. टपरीवर मात्र म्हणाले, "जुना फ्यूज झाला होता."

*

त्या सरावाची सवय हाडात शिरते, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. होणाऱ्या नवऱ्याच्या स्कूटरवर पहिल्यांदाच मागे बसले होते. सिग्नलला थांबलो. लाल होता तोवर मी चक्क श्वास रोखून धरला होता. हिरवा झाला आणि माझा उजवा हात त्यांच्या कानाजवळून सरळ पुढे!

ते दचकले. "डावीकडे जायचं होतं नं?"

"हो," मी म्हटलं. "डावीकडेच."

पुढे लग्न झालं, सिंदेवाहीला आले. खरं कारण त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

एका हिवाळ्यात क्लबाची सहल मोहर्लीच्या जंगलात गेली. जिप्सीत आम्ही पाच जण, भाऊ, आणि पुढे गाइड. दोन तास नुसते चितळ. आणि अचानक बांबूतून वाघ निघाला! रस्त्यावर थांबला, आमच्याकडे बघितलं आणि पलीकडे उतरून गेला.

गाइड हळूच वळला. "फोटो भेटला काय साऱ्यायले?"

पाच जणांचे डावे हात खिशात, उजवे हात खांद्याइतके वर, एका रेषेत. मोबाइल मांड्यांवर!

"बाप्पा!" गाइड म्हणाला. "हे काय करून राह्यले तुम्ही?"

भाऊंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "रंजू, दहापैकी किती?"

"नऊ, भाऊ. जरासा डावीकडे गेला."

"घाई केली असशील."



*

बाळ झाल्यावर हात जड झाला. पिस्तूल क्लबात, मी सिंदेवाहीत. भाऊंनी फोनवर उपाय सांगितला: पाण्याने भरलेली बाटली घे, भिंतीवर टिकली लाव, घरच्या दिव्याचं बटन कोणाले तरी दाबाले सांग; विझला की लाल, लागला की हिरवा.

कोणी तरी म्हणजे सासूबाई. मांडीवर बाळ, एक हात बटनावर. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, मले हे काही समजत नाई. दिवा लावते अन् विझवते, बस."

आठवडाभराने शेजारीण उसना विळा मागायला आली. सासूबाईंनी नुसता तळहात दाखवला. "थांब जराशी. लाल चालू हाय."

*

ट्रायलला बाळाला सासूबाईंकडे सिंदेवाहीलाच ठेवलं. रेंजवर पोचेपर्यंत तीनदा फोन केला. चौथ्यांदा सासूबाईंनी उचललाच नाही. मग मोबाइल जमा करावा लागला.

शेवटची फेरी. चार गोळ्या मनासारख्या गेल्या. एकच उरली होती, आणि ती बरी लागली असती तर टीम नक्की होती. लाल दिवा. हात खाली. हिरवा लागला.

तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यात एक बाळ रडलं.

माझ्या कानात प्लग होते. तरीही पिस्तूल रीतसर टेबलावर, नळी समोर, आणि मी दाराकडे वळलेली! हिरवा माझ्या पाठीमागे विझूनही गेला. पाचवी गोळी तशीच राहिली. म्हणजे शून्य. टीम गेली.

शेजारच्या लेनमधून रंजू दबक्या आवाजात म्हणाली, "तुहं पोट्टं तं सिंदेवाहीले हाय नं वो!"

बाहेर येऊन मी बाकावर बसले. रडं येत होतं. भाऊंना काय सांगायचं, घरी काय सांगायचं, ते शब्द जुळवत होते. भाऊ आले, पण माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ त्या रडणाऱ्या बाळाच्या आईसमोर जाऊन उभे राहिले. ती बिचारी घाबरून उठली.

भाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, रविवारी सकाळी मोकळ्या असता काय? पोट्ट्याले घेऊन या. पोरीची प्रॅक्टिस घ्याची हाय!"