मामींच्या सीटखालचं इंजिन

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका गंभीर माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडायचा नाही. बारशात, लग्नात, निवडणुकीचा गुलाल अंगावर पडत असताना, कुठेही मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळी मंडळी दात काढून उभी आहेत आणि मामा तेवढे मान वाकडी करून भलतीकडे बघताहेत. ते बघत नव्हते, ऐकत होते. मंडपामागे एक गाडी सुरू होती आणि त्यांच्या मते तिच्या इंजिनाचा एक ठोका चुकत होता. अक्षता पडल्या, मी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वादाच्या आधी ते कानाशी म्हणाले, "जावयबापू, त्या पांढऱ्या गाडीत बसू नका. मिस मारतीया." वरातीसाठी सजवलेली गाडी नेमकी तीच होती. मामांनी झेंडूच्या माळा सोडवून बॉनेट उघडायला लावलं, नवरीला खुर्चीवर बसवून ठेवलं, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ठोका बँडवाल्यांच्या जनरेटरचा चुकत होता. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. मामा म्हणाले, "मग जनरेटर दुरुस्त करा," आणि जेवायला बसले.

मामा मेकॅनिक नाहीत. भरे गावात त्यांची भातशेती आहे, थोडा भाजीपाला आहे, आणि माल पौडच्या बाजारात न्यायला एक जुनी पेट्रोलची पिकअप आहे. पण इंजिनाचं मिसिंग ओळखणं हे आपलं जन्माचं काम आहे, अशी त्यांची खात्री आहे. अंगणात कोणाचीही गाडी आली की ते आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग चावी मागतात. इंजिन सुरू झालं की कोणी बोलायचं नाही. कोंबड्या हाकलल्या जातात, रेडिओ बंद होतो. मग मामा चुलीची फुंकणी घेतात, तिचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावतात आणि डोळे मिटतात. आतून मामींचा आवाज यायचा, "आवो, माजी फुंकणी द्या आदी! चूल इझाय लागलीया!" घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरच व्हायची. मामा डोळे न उघडता एक हात वर करायचे. डॉक्टर तपासत असताना नातेवाइकांनी मधे बोलू नये, असा त्या हाताचा अर्थ असायचा.

या विद्येत त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते सोडायला ते कधीच तयार नसत. गाडीच्या काचेमागचा पिवळा दिवा लागला की हल्ली गॅरेजवाले यंत्र जोडून बघतात आणि ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून सांगतात. हे ऐकलं की मामांच्या कपाळावर आठी पडायची. शेजारच्या दूधवाल्याच्या टेम्पोला असं झालं तेव्हा त्यांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. "सेन्सर म्हंजे काय? धुराच्या नळीत बसिवल्यालं नाक. त्ये धूर हुंगतं आन इंजिनाला सांगतं, पेट्रोल कमी पडलं का जास्ती झालं. आता आत एक प्लग पेटतच न्हाई. न जळल्यालं पेट्रोल आन हवा तशीच नळीत येती. नाक बिचारं वरडतं. तुमी नाकच बदलाय निगाला! आदी चुलीत काय पेटना त्ये बगा." दूधवाल्याने प्लग बदलले आणि दिवा विझला. त्यानंतर तालुक्यात कोणीही सेन्सरला दोष दिला की मामांना तो स्वतःचा अपमान वाटू लागला.

आणि याच मामांची स्वतःची पिकअप दर दसऱ्यानंतर मिस मारायची. नेमाने. दसऱ्याला ती धुऊन पुसून उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी पिवळा दिवा लावून खोकत खोकत चालायची. आम्ही आमच्या सूस गावाहून त्याच दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला जायचो, ते दरवर्षी हे बघायचो. त्याहून नवल म्हणजे, त्या दिवशी मामा अंगणात उभे राहून सगळ्यांना, विशेषतः मामींना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "सेन्सर गेलाय!" मग सेन्सर काढून, काजळी पुसून, मामींना दाखवून पुन्हा बसवायचे आणि गाडी सुरळीत व्हायची. ज्या माणसाने सेन्सरवर कधी आळ येऊ दिला नाही, त्यानेच आपल्या घरी त्याला गुन्हेगार ठरवावं, हे मला काही पटेना.

मामींच्या पूजेचीही एक तऱ्हा होती. या पिकअपचं इंजिन पुढच्या नाकाडात नाही, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली आहे. बाजाराला जाताना मामी त्याच सीटवर, म्हणजे थेट इंजिनावर बसायच्या. एकदा ताम्हिणीहून परतताना धुक्यात गाडी दरीच्या कडेला जाऊन थांबली होती. दोघंही वाचली. आपल्याला त्या गाडीनेच वाचवलं, असं मामींनी ठरवून टाकलं. तेव्हापासून दसऱ्याला गाडीला बाहेरून गंधफूल वाहून त्यांचं समाधान होईना. "द्येव गाभाऱ्यात आसतो. दाराला आबिषेक करत्यात व्हय?" असं म्हणून त्या सीट उचलायला लावायच्या आणि हळदकुंकवाच्या पाण्याचा भरला तांब्या सावकाश, मनोभावे इंजिनावर ओतायच्या. मामा टोपी काढून, हात जोडून शेजारी उभे असायचे.

एका दसऱ्याला आम्ही मुक्कामी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यामागे गेलो तर पिकअपची सीट उचललेली आणि मामा गाल फुगवून इंजिनात फुंकणी फुंकत होते. प्लग बसतात त्या खोल खाचेतून हळदीचं पिवळं पाणी उडत होतं. मामींचं जुनं लुगडं फाडून त्याची चिंधी त्यांनी हाताशी ठेवली होती. मला बघून ते दचकले. गंभीर चेहऱ्यावर चोरी पकडल्याची कळा आलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मामा, म्हणजे सेन्सर..."

"सेन्सरला काय बी झाल्यालं न्हाई. पानी जातंय प्लगात." मग घराकडे बघून ते हळूच म्हणाले, "कुटं बोलू नका, जावयबापू. तिला वाटतं, तिच्या पूजेनं गाडी वरीसभर सलामत ऱ्हाती. आता मी सांगू तिला, की तुज्या पूजेनंच बंद पडती म्हून?"

मी चिंधी उचलून त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी प्लग पुसले, सेन्सर काढला, अंगणात आले आणि घसा साफ करून नेहमीची घोषणा केली. मला मामा त्या दिवशी फार आवडले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मामी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. वर्षाच्या आत सण करायचे नसतात, म्हणून त्या दसऱ्याला पिकअपची पूजा झाली नाही. दोन दिवसांनी मामांचा फोन आला. "जावयबापू, गाडीचं लक्षान बरं न्हाई." मी विचारलं, मिस मारतेय का? "न्हाई. अजाबात न्हाई. आवाज एकसारका येतुया." मी धावत भेटायला गेलो. ते मला घेऊन पौडपर्यंत गेले. शेजारची सीट तशीच मोकळी ठेवून मला मागे हौद्यात बसवलं. इंजिन खरंच सुरेख चाललं होतं. मामांचा चेहरा मात्र आजारी माणूस जवळ बसवलेला असावा तसा होता. त्या वर्षभर त्यांनी कोणाचीही गाडी तपासली नाही. स्वतःच्या पिकअपची ती सीटही उचललीच नाही, तर प्लग बघायचे कुठले?

यंदा दसऱ्याला आम्ही गेलो तेव्हा पिकअप धुतलेली होती. मामा दारात टोपी घालून वाट बघत होते. आपट्याची पानं हातात घेतली, खिशात ठेवली, आणि माझ्या बायकोच्या हातात तांब्या दिला. पाण्यात हळदकुंकू कालवलेलं होतं. तिने दोन थेंब गाडीच्या पुढच्या काचेवर शिंपडले.

"तितं न्हाई, पोरी," मामा म्हणाले. "तुजी मामी आत वतायची."

मग त्यांनी स्वतः ती सीट उचलली. आधी तिच्यावरून एकदा हात फिरवला. माझ्या बायकोने डोळे पुसत पुसत अख्खा तांब्या रिकामा केला. मामांनी टोपी काढून हात जोडले, सीट खाली ठेवली आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं, एक ठोका चुकला, सावरलं, पुन्हा चुकला. पिवळा दिवा लागला. मामा मान वाकडी करून ऐकत बसले.

मी सवयीने चुलीपाशी जाऊन फुंकणी आणली. त्यांनी ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि मांडीवर ठेवली.

"हिला आजून पेट्रोलचा वास येतोय वो," ते म्हणाले. "आन चूल तर तीच फुंकायची. तिला कळलं नसंल व्हय?"

मी सीटकडे हात केला.

"पुसू का प्लग?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या आजचा दिस," मामा म्हणाले आणि शेजारच्या मोकळ्या सीटवर ती फुंकणी ठेवून, खोकत चाललेली पिकअप त्यांनी पौडच्या रस्त्याला लावली. बाजार बंद होता, गाडीत मालही नव्हता. वळणाआड गेल्यावरही तो चुकणारा ठोका आम्हाला बराच वेळ ऐकू येत होता.