सात नंबरचं हरवलेलं वजन

"सात नंबर उद्या बाद करा," डायरेक्टरसाहेब म्हणाले. "तीन नंबर रिलीजला पाठवू. काय हाइट आहे! मंत्री शेजारी उभे राहिले की फोटो बघा कसा येतो."

मी चाऱ्याच्या गवतांचा ब्रीडर. बाजरी आणि हत्तीगवताचा संकर करायचा, हे काम आमच्या आधीच्या पिढ्यांनी सुरू केलं. एकीचा गोडवा, दुसऱ्याची वाढ. या संकराला बी धरत नाही. म्हणून कांड्या लावायच्या, कापायचं, तोलायचं. सात नंबर माझ्या आठ वर्षांच्या खटपटीतून आलेला. पण वजनात कायम शेवटचा. शेरा मीच लिहायचो: "फुटवे कमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला प्लॉटवर गेलो, तर कुंपणाच्या सैल तारेखालून गवताचा भारा बाहेर सरकत होता. मागोमाग एक बाई. भारा स्कूटरवर टाकून ती सुसाट. मीही स्कूटर काढली. बेंगळुरूतल्या महादेवपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये, आयटीच्या बसगाड्यांमधून वाट काढत पुढे हिरवं झुडूप पळतंय आणि मागे एक डॉक्टरेट हॉर्न वाजवतेय!

टेक पार्कमागच्या गल्लीत गोठा निघाला. तीन गाई. बाई म्हणजे लक्ष्मक्का, आमच्यासारखीच जुनी बेंगळुरूची मराठी.

"अक्का, कधीपासून चाललंय हे?"

"झाली तीन-चार वर्षं. रागावू नका अण्णा, स्वल्पच नेते. एका ठोंबातून चारच फुटवे. कळू नये म्हणून."

"बारा प्लॉट आहेत. मग सात नंबरच का?"

"तीन नंबर आणलेला एकदा. या गौरीगाईनं हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मलाच लाज वाटली. ते तुम्ही छपराला घ्या."

मी शेणात उभा राहून हसत सुटलो. रजिस्टरमधलं हरवलेलं वजन समोर रवंथ करत होतं.

"पोलिसांत द्या तिला!" ऑफिसात सगळं ऐकून साहेब कडाडले.

"राखणीला ठेवू या, सर. त्या गवतावर इतकं बारीक लक्ष आपल्यात कुणाचंच नाही. एक हंगाम सात नंबर पुरा तोलू द्या."

"आणि फोटो?"

"फोटोत गाय घेऊ."

साहेब विरघळले.

लक्ष्मक्का "सरी, चालेल" म्हणाली, पण अट घालून: सात नंबरच्या कांड्या तिच्या परसातही लावून द्यायच्या. दिल्या. त्या हंगामात सात नंबर पहिला आला. रिलीज झाला, त्याला चार शब्दांचं भारदस्त नाव मिळालं. भाषणांत सगळ्यांचे आभार मानले गेले. लक्ष्मक्का आणि गौरी सोडून.

आता नवी ट्रायल लावली की मी कुंपणाची एक तार सैल ठेवतो. आणि कुठला प्लॉट आधी विरळ होतो, ते बघत बसतो.