कमरेला रेघ असलेला दगड

घिवलीच्या किनाऱ्यावर मी एका मच्छीवाल्या मावशींचा दगड फोडला. जीवाश्म समजून फोडला, आणि फोडण्याआधी चाटूनही पाहिला.

चाटण्याची दीक्षा माझ्या मामेसासऱ्यांची. पालघर जिल्ह्यात त्यांनी हातात घेऊन तोलला नाही असा दगड उरलेला नाही. उरला असेल तर तो समुद्राखाली असेल. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, मामा बोईसरभरच्या खडीच्या ढिगाऱ्यांवर जाऊन बसू लागले. पोटात काहीतरी दडलेला दगड ओळखू येतोच, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांपेक्षा गोल, आकाराच्या मानाने जड, आणि कमरेला रेघ असेल तर तिथेच ठोकायचं. आत हाड असलं तर दगड जिभेला चिकटतो. आता बोईसरचा दगड जिभेला लावायला काय काळीज लागतं, ते इथल्या कारखान्यांच्या नाल्यांचे रंग पाहिलेल्यांनाच कळेल. एकदा डॉक्टरांनी तोंड कशाने आलं म्हणून विचारलं, तेव्हा मामींनी शांतपणे, "खडीने," असं सांगितलं.

आपला सगळा मुलूख लाव्ह्याचा, त्यात जीव कुठला टिकायला, हे मामांनाही ठाऊक होतं. "दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी होती, जावईबापू," ते म्हणत, "एखादा शिंपला तरी राहिला असेल की नाही?" त्या एका शिंपल्यापायी माझे किती रविवार दगडांची पिशवी उचलण्यात गेले, ते माझ्या खांद्यालाच ठाऊक.

शेवटी मामांचे गुडघे संपले. घर आवरून ते नाशिकला लेकीकडे कायमचे निघाले होते. जाण्याआधी या मातीतला एक तरी जीवाश्म डोळ्यांनी पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणून शेवटच्या रविवारी आम्ही घिवलीला गेलो. मामा एका होडीच्या सावलीत टेकले आणि मला पुढे पाठवलं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली मला तो दिसला. गोल, जड, आणि कमरेला ठळक रेघ. जिभेला चिकटला नाही, पण मला मामांना काहीतरी दाखवायची घाई झालेली. त्यांना हाक न मारताच घाव घातला. दोन तुकडे झाले. आतही बाहेरच्यासारखाच काळा दगड.

बोंबील उलटणाऱ्या मावशी चालतच आल्या. तो त्यांच्या जाळ्याला बांधायचा दगड होता. रेघ आजेसासऱ्यांनी छिनीने पाडलेली आणि पुढे घरच्या दोऱ्यांनी गुळगुळीत केलेली. होडी विकली, तरी दगड त्यांनी ठेवला होता. मी माफी मागत सुटलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

एवढ्यात मामा लंगडत आले, वाळूतच बसले. तुकडे जुळवून रेघेवरून अंगठा फिरवत राहिले. चाटायचं त्यांच्या मनातही आलं नसावं. "किती हात लागलेत हो याला," ते म्हणाले.

मावशींनी एक तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "न्या बाबा तुमी. आन् कवा बी या."

आता येणं व्हायचं नाही, हे काही मामांना सांगवलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. मग मावशी पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"ह्याला मात्र नका आणू. पडलेला दगड कंचा आन् ठेवलेला कंचा, येवडं बी ह्याला कलत नाय."