सुप्याच्या थंड शेवया

तिसगावहून एसटीत बसले तेव्हा सासूबाईंनी खिडकीखाली येऊन पुन्हा बजावलं, "लेकीच्या घरचं पानीसुदिक प्यायचं न्हाई. नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर न्हाई." मी मान हलवली. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, मान हलवणं मात्र छान जमतं.

माझी लेक मनीषा लग्न होऊन सुप्याला गेली. मागच्या वेळी मी तिच्या घरून उपाशी उठले, तेव्हा ती दाराआड रडत होती. यंदा फोनवर म्हणाली, "आई, या टायमाला जेवल्याबिगर सोडनार न्हाई. घरी न्हाईच नेत तुला."

करंजीचा घाट गेला, नगरला गाडी बदलली. सुप्याला उतरले तर मनीषा उभीच होती. कारखान्यांच्या पत्र्यांमधून तिने मला एका बुटक्या हॉटेलापाशी नेलं. पाटीवरची अक्षरं म्हणजे नुसते गोल आणि काड्या. तिथल्या स्वयंपाकघरात ती कामाला आहे. इथल्या नेंगम्योन (थंड शेवया) खायला कोरियाचे साहेब पुण्याहून येतात म्हणे.

"थंड खायला एवढं पेट्रोल जाळत्यात?" मी म्हणाले. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी बसते, थंड खाण्यात माझा हात कोण धरणार!

कोरियाची मालकीण दारात आली आणि कमरेत वाकली. मी घाबरून आणखी वाकले. ती पुन्हा वाकली. मनीषाने सोडवलं नसतं तर दोघी फरशीला टेकलो असतो.

"हिला समदे इमो (मावशी) म्हनत्यात," मनीषा म्हणाली.

मी विचार केला. लेकीची मावशी म्हणजे माझी बहीण. बहिणीच्या घरी जेवायला कसली आडकाठी? मी पदर खोचून बसले.

"पन रांधनार कोन?"

"मला नको इचारू," म्हणत मनीषा आत गेली.

आतलं खिडकीतून दिसत होतं. कुरडयांचा सोऱ्या असतो तसंच यंत्र, पण पिंपाएवढं. मनीषाने दांडा दाबला की शेवया थेट उकळत्या पाण्यात पडत. मी पटकन भिंतीकडे तोंड केलं. जे दिसलं नाही त्याचा दोष लागत नाही.

स्टीलचं मोठं वाडगं समोर आलं. करड्या शेवया, काकडी, अर्धं अंडं आणि वर तरंगणारा बर्फ. शेजारच्या टेबलावर एका साहेबाचा ड्रायव्हर जेवत होता. तो म्हणाला, "काकू, मुळ्याच्या लोनच्याचं पानी हाय. पयला घोट लई इचित्र लागंल. दम धरा."

दम धरला. दुसऱ्या घोटाला आंबटगोड चव लागली, तिसऱ्याला डोकं गार झालं. शेवई मात्र संपेना. ओढते आहे, ओढते आहे, आणि तिचं दुसरं टोक वाडग्यातच. तेवढ्यात इमो भलीमोठी कात्री घेऊन माझ्याकडे येताना दिसली. मी वेणी धरली. तिने हसत वाडग्यातल्या शेवया करकर कापून दिल्या. ड्रायव्हरला ठसका लागला.

वाडगं उचलून मी शेवटचं पाणीही पिऊन टाकलं. मनीषा दारात उभी राहून बघत होती.

"कसं झालंय?"

"तुझ्या मावशीच्या हाताला चव हाय," मी म्हणाले.

ती हसत सुटली आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली.

परतीच्या गाडीत पोटात गारवा होता. एवढ्या लांब जाऊन मी पाहिलं काय, तर एक हॉटेल. पण लेकीच्या हातचं जेवले, आणि नियमही कुठे मोडला नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय खाल्लं न्हाईस ना लेकीकडं?"

"तिच्या घराचा उंबरासुदिक वलांडला न्हाई. बहिनीकडं जेवले."

"तुला कवा बहीन झाली?"

मग सगळं सांगितलं. मला वाटलं, आता कडाडतील. त्या उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या. त्यांची लेक, माझी नणंद, पुण्यात असते. तिला मूल झालं नाही, म्हणून इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिच्या हातचा घास खाल्लेला नाही.

अंथरुणं घालताना त्यांनी हळूच विचारलं, "का गं, तुझ्या त्या बहिनीच्या चुलीवर माझ्या लेकीला रांधू देतील का?"