उघडं लोखंड

चहाच्या कंपनीनं मला मोटार दिली आणि मोटारीच्या मागे ओढायला चाकांवरची एक खोली दिली. कागदोपत्री ती ट्रेलर. गावोगावची पोरं तिला मोटारीचं शेपूट म्हणत. आत झोपायला फळी, कपबशा, चहाचे पत्र्याचे डबे आणि स्टोव्ह. खेड्यापाड्यांतून लोकांना फुकट चहा पाजायचा, चटक लावायची आणि पुढच्या गावी जायचं, हे माझं काम. अलिबागेपासून हरिहरेश्वरापर्यंत आणि आत डोंगरातल्या तळा गावापर्यंत मी हजारो माणसांना चहा पाजला असेल. पण ‘तू घेतलास का?’ असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. कप रिकामा झाला की माणसं उठून आपापल्या घरी जायची. माझं घर मागे हुकाला अडकवलेलं.

मी घाटावरचा. बायको लग्नानंतर थोड्याच काळात तापानं गेली, आणि मग आपली वाट बघणारं कुणी असावं ही इच्छाच मी मनातून काढून टाकली. निदान तशी समजूत करून घेतली. एकटेपणा चांगला मानवतो असं मी लोकांना ऐटीत सांगायचो. साफ खोटं होतं ते.

खरा माझा संसार म्हणजे त्या खोलीच्या दोन चाकांचा. कुठेही थांबलो की आधी खाली उतरून चाकांच्या मध्यावर तळहात ठेवायचा. नुसतं कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर आतलं बेअरिंग कोरडं पडलंय. बायकोच्या शेवटच्या दिवसांत तिच्या कपाळावर हात ठेवायचो, तसाच तो हात जायचा, आणि दर वेळी मला तिची आठवण व्हायची.

सगळ्यांत वैताग खाड्यांचा. दोन होड्या बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर गाडी चढवायची. चढवता-उतरवताना चाकं खाऱ्या पाण्यात बुडायचीच. एकदा खारं पाणी आत शिरलं की बेअरिंगचं वाटोळं. म्हणून खाडी ओलांडली की चाकं काढायची, बेअरिंग घासलेटात धुवायची, उन्हात सुकवायची आणि मग तळहातावर ग्रीस घेऊन गोळी न् गोळी भरायची. ब्रेकचे ड्रम आणि पट्टेही धुऊन वाळवायचे. या ब्रेकचा दांडा माझ्या बसायच्या जागेपाशी होता. तो ओढला की मागच्या खोलीची चाकं धरली जायची. सपाटीवर त्याची गरज पडत नसे. उतारावर मात्र तो नसेल तर मागची गाडी मोटारीला ढकलत नेणार.

रेवदंड्याला मी एका कोळणीच्या अंगणाशेजारी गाडी लावायचो. म्हातारी, काटक, तोंडानं फटकळ. तिचा मुलगा होडीवर, सून बाजारात. ती मासळी वाळत घालून कावळे हाकत बसलेली. माझ्या चहाला तिनं पहिल्याच घोटात नाक मुरडलं.

“ह्ये कडू पानी पाजाया यवडा लांब येतंस व्हय रं?”

एका खेपेला खाडी उतरून आलो, चाकं सोडली, सगळं धुऊन चटईवर वाळत टाकलं आणि विहिरीवर आंघोळीला गेलो. आलो तर पाणी सुकलेलं. घाईघाईत बेअरिंग भरली, चाकं चढवली. म्हातारी जाळ्याची गाठ मारत माझ्याकडे बघत होती. “नीट जा,” एवढंच म्हणाली.

तळ्याच्या वाटेवर उतार लागला. मी दांडा ओढला आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. मागची गाडी मोटारीला रेटू लागली. मोटारीचा पायाखालचा ब्रेक एकट्यानं किती पुरणार! एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. जीव मुठीत धरून मी मोटार डोंगराकडच्या चरात घातली. कपबशांचा चुराडा झाला, डबे फुटले, रस्ताभर चहाची भुकटी. आरडाओरडा करावा तर ऐकायला चिटपाखरू नाही. मेलो असतो तर कुणाला कळवलं असतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला आणि मी हादरलो.

खाली उतरून चाक काढलं. भप्पकन मासळीचा वास आला.

ड्रमला आतून आणि ब्रेकच्या पट्ट्यांना कुणीतरी मुशी माशाचं तेल चोळलं होतं. होडीला चोळतात ते. तेलकट पट्टे चाक धरणार कसे? रेवदंड्यात सगळ्या हवेलाच मासळीचा वास, आणि माझे हात ग्रीसनं बरबटलेले. तिथे मला तो वेगळा कसा कळणार? माझं पित्त खवळलं. त्या रिकाम्या रस्त्यावर मी म्हातारीला तोंडाला येईल ते बोललो.

मग घासलेटानं पट्टे पुसायला घेतले आणि ध्यानात आलं, की तेल किती निगुतीनं लावलं होतं. एक कोपरा सुटला नव्हता. मी नसताना कुणीतरी माझ्या वस्तूंपाशी बसून, आपल्या होडीचं तेल खर्चून, त्या पुसल्या होत्या. मला रडू आलं. चांगलं हमसून रडलो.

पुढच्या खेपेला जाब विचारायचं ठरवून गेलो होतो. तीच आधी म्हणाली, “चाका बरी चालली ना रं? लोकंड असा उगडा टाकून जातंस, खारा वारा खाईल त्याला. मी तेल लावलाय.”

“बरी चालली, आये,” मी म्हणालो.

तेव्हापासून रेवदंड्याला ब्रेकचं सामान मी धुऊन खोलीत, कुलपात सुकवायचो. पण हूक निसटलाच तर गाडी सुटू नये म्हणून एक जाड साखळी असे. ती मात्र सोडून मुद्दाम चटईवर उघडी टाकायचो आणि आंघोळीला जायचो. परत यावं तर साखळी तेलानं काळीभोर चकाकत असायची. सगळ्या वाटेवर तेवढ्या एका साखळीसाठी मला रेवदंड्याचे वेध लागलेले असायचे.

एका पावसाळ्यानंतर गेलो. अंगणात मासळी वाळत होती, घरात कुणीतरी भांडी घासत होतं. म्हटलं, म्हातारी आत असेल. साखळी टाकली, विहिरीवर गेलो, मुद्दाम वेळ लावून आंघोळ केली.

परत आलो. साखळी कोरडी होती.

सून हात पुसत बाहेर आली. म्हातारीच्या कावळे हाकायच्या जागेकडे बघून तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मला काही ऐकायची गरज उरली नाही. मी तिच्याकडे तेलाचं बुडकुलं मागितलं, चटईवर बसलो आणि एकेक कडी पुसायला लागलो.