चॅम्पियन काकांची फायनल

आमच्या शहापूरच्या चॅम्पियन काकांना आयुष्यात फायनलमध्ये एकही ठोसा बसला नव्हता, आणि याचं त्यांना भारी दुःख होतं. हेवीवेट गटात जिल्ह्यात त्यांच्याएवढा दुसरा गडीच नव्हता. दरवर्षी रिंगमध्ये चढायचं, पंचाने हात वर करायचा आणि वॉकओव्हरचं सुवर्णपदक घेऊन घरी यायचं. एकदा राज्य स्पर्धेत समोर कोणाचं तरी नाव निघालं, तर त्या गड्याला सकाळीच ताप भरला. काका म्हणत, "दरसाल नवरदेवावानी हार घालून घरी आनलं मले, पन लगन काही लागलं नाही!"

नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत. फॅक्टरीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे, कारण बसायला जागाच उरत नसे. संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणात आम्हा पोरापोरींना शिकवत. आंब्याच्या फांदीला धानाच्या तणसाने ठासून भरलेलं पोतं, आमचा बोरा, टांगलेलं असे. कोणी त्यावर फार मर्दुमकी दाखवली, की काका हसत. "त्याले काय मारते? बोरा काय पलटून मारते काय?"

मी लहानपणापासून अंगाने दणकट. लग्नाचं कसं होईल या काळजीने आई माझ्या ताटातला भात कमी करायची. काकांनी घरी येऊन तो परत वाढायला लावला. "वजन हाय तर लाज कायची? हे तं पोरीचं भांडवल हाय." तोवर माझ्या अंगाचं कौतुक कोणीच केलं नव्हतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

माझ्या वजनगटातही जिल्ह्यात मी एकटीच होते. म्हणजे सुवर्णपदक घरात आल्यातच जमा. ते भिंतीवर कुठे टांगायचं, तेही मी ठरवून टाकलं होतं. काकांचं तोंड मात्र उतरलेलं. "माह्यासारखं नाही होऊ देनार तुले," म्हणाले, आणि माझ्यासाठी जोड शोधत गावोगाव फिरू लागले.

ती सापडली आसगावच्या मंडईत. चिखलात रुतलेली बापाची मोटारसायकल एका हाताने ओढून काढणारी पायल. दुसऱ्याच रविवारी काका-काकू मिठाई घेऊन तिच्या घरी हजर. घरच्यांना वाटलं, पोरगी पाहायला आले. पोहे झाले, साडी नेसलेली पायल चहा घेऊन आली, आणि काकांनी विचारलं, "पोरीचं वजन किती हाय जी?" तिचा बाप ताडकन उठलाच. काकूंनी कसंबसं निभावून नेलं.

मग पायलला शिकवायला दर रविवारी काकांची स्कूटर आसगावला. मी चिडले. "काका, तुमी माहीच दुश्मन तयार करून राहिले!"

"दुश्मन नाही व. तुही फायनल तयार करून राहिलो."

आईने तर काकांशी बोलणंच टाकलं. घरात आलेलं पदक हा माणूस लोकाच्या पोरीला देऊन येणार, असं तिचं म्हणणं. तसंच झालं. भंडाऱ्याला फायनलच्या दिवशी काका कोणाच्याच बाजूला उभे राहिले नाहीत, दोघीही त्यांच्याच. पायलचा उजवा ठोसा माझ्या नाकावर बसला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. मीही तिला सोडलं नाही. पण तिसऱ्या राऊंडनंतर पंचाने हात तिचा वर केला.

मी रडत खाली उतरले. वाटलं, काका समजूत काढतील. त्यांनी माझे ग्लोव्ह सोडवले आणि डोळ्यांत पाणी आणून, लहान पोरासारखं विचारलं, "सांग न पोरी, कसं वाटते फायनलमधी?"

घरात पदकांची रांग असलेला तो माणूस एका हरलेल्या पोरीला हे विचारत होता. माझं रडू तिथेच थांबलं.

भंडाऱ्याहून परतताना आम्हा दोन हेवीवेटांखाली स्कूटर कण्हत होती, आणि मी मागे बसून सांगत होते. घंटा कशी वाजली, नाकातलं रक्त ओठावर कसं खारट लागलं. काका म्हणत, "अजून एकदा सांग." शहापूर येईपर्यंत मी ती फायनल पुन्हा पुन्हा सांगितली. शेवटच्या खेपेला तर त्यात मीच जिंकले. काकांनी हरकत घेतली नाही.